मानधन नव्हे, मजुरी



या संमेलनाचं निमंत्रण आलं तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता. परिसंवादात बोलणाऱ्या अकरा जणांना तुम्ही काय देणार? उत्तर आलं : शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. आणि मांडववाल्याला? त्याला निम्मी रक्कम आगाऊ पोचली होती. मांडववाल्याला पैसे मिळालेच पाहिजेत. पण एसटीने आलेली, दोन रात्री जागून टिपणं काढलेली माणसं त्या हिशेबात का नाहीत? फोनवर विचारून झालं. आता माईकवर विचारते.

बावीस वर्षं मी लेखनावर पोट भरते आहे. नोकरी नाही, पेन्शन नाही. गेल्या एप्रिलपासून या मार्चपर्यंतची माझी हिशेबाची वही मी सोबत आणली आहे. पुरवण्यांसाठी ४६ लेख, प्रत्येकी १,२०० रुपये. तीन माहितीपटांच्या संहिता. मुद्रितशोधन, संपादन. दिवाळी अंकांसाठी नऊ लेख. आणि एका ९६,००० शब्दांच्या पुस्तकाचा अनुवाद, शब्दाला ७५ पैसे. सगळी मिळून बिलं झाली २,३८,४०० रुपयांची. हाती आले १,७२,४००. महिन्याला साडेचौदा हजारसुद्धा नाहीत. आणि वीज, इंटरनेट, कोश, लेखासाठी केलेला प्रवास, सगळं त्यातूनच.

राहिलेल्या ६६,००० पैकी ३६,००० त्या अनुवादाचे आहेत. सात महिने मी त्या पुस्तकाशी झटत होते. एकेका शेतीच्या अवजाराचं नाव मिळवायला गावोगावच्या माणसांना फोन केले. पुस्तक निघालं, प्रकाशन समारंभ झाला, फोटो छापून आले. दुसरा हप्ता आला नाही. मात्र त्या हप्त्यावर दहा टक्के कर कापल्याची नोंद माझ्या नावावर दिसते! त्यांच्या खतावणीत मी खर्ची पडले आहे, माझ्या खात्यात रुपया नाही. साहेब बाहेरगावी आहेत, मार्चअखेर होऊ द्या, सही राहिली आहे. असे २३ फोन मी वहीत लिहून ठेवले आहेत. तेही माझे कामाचेच तास होते.

दिवाळी अंकांचं मला जास्त दुःख आहे, कारण त्यांच्यावर माझं प्रेम आहे. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाने फराळाच्या ताटाशेजारी वाचायचं ठेवलं. जूनमध्ये फोन येतो : तुमच्याशिवाय अंक कसा निघणार? जाहिरातीचं दरपत्रक तोवर छापून तयार असतं. मलपृष्ठाचा दर वेगळा, पाव पानाचा वेगळा. लेखाचा दर मात्र कुठेच लिहिलेला नसतो. माझ्या नऊ लेखांपैकी पाचांना तीन-तीन हजार कबूल झाले, दोघांनी दिले. उरलेल्या चार ठिकाणी पैशाचा विषय त्यांनी काढला नाही आणि संकोचाने मीही काढला नाही. ती माझी चूक. यंदा दर ठरल्याशिवाय एक ओळ जाणार नाही.

हा संकोच ‘मानधन’ या शब्दाने आपल्या अंगी भिनवला आहे. गवंड्याची मजुरी असते, डॉक्टरची फी असते, रिक्षाचं भाडं असतं. लेखकाचं मानधन! मजुरी थकली तर देणारा खाली बघतो. मानधन थकलं तर मागणाऱ्यालाच खाली बघावं लागतं.

इथल्या काही ज्येष्ठांना पुढचं बोलणं झोंबेल, तरी बोलते. ‘मी लेखाचे पैसे कधी घेत नाही,’ असं अभिमानाने सांगणारे प्राध्यापक, अधिकारी या सभेत आहेत. तुमचा पगार पहिल्या तारखेला होतो, म्हणून तुम्हाला ते परवडतं. पण तुमच्या फुकट लेखाने माझ्या लेखाची किंमत पडते. उद्या संपादक मला सांगतो, ते तर काहीच घेत नाहीत. तुम्हाला पैसे नको असतील तर घेऊन गावच्या वाचनालयाला द्या. पण बिल पाठवा.

मराठीचा बाजार लहान आहे, हे मला ऐकवू नका. कागदवाला, छापखाना, बाइंडर यांना ही सबब कुणी सांगत नाही. एखादं लहान नियतकालिक खरोखर पदरमोड करून चालतं. त्यांनी तसं आधी सांगावं. अशांसाठी मी बिनपैशांनी लिहिलं आहे, पुढेही लिहीन. तो निर्णय माझा हवा.

अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहीत होते. त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, कादंबऱ्यांच्या आवृत्त्या निघाल्या. १८ जुलै १९६९ रोजी ते हलाखीत गेले. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या किती संस्था आज जिवंत लेखकाचं बिल वेळेवर देतात?

कायदा आपल्या बाजूने आहे, पण आपण तो वाचत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीबाहेर, स्वतंत्रपणे लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. ‘सर्व हक्क कायमचे’ या ओळीखाली सही करण्यापूर्वी हे आठवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सेवा देणाऱ्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. नाही केलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, चक्रवाढीने व्याज. मी नोंदणी केली आहे. तुम्हीही करा.

आता कामाचं. उद्या समारोपाला ठराव वाचले जातील. त्यातला पहिला मी आत्ताच मांडते : ‘या संमेलनात बोलणाऱ्या, कविता वाचणाऱ्या प्रत्येकाला प्रवासखर्च आणि ठरलेला मोबदला समारोपापूर्वी दिला जाईल, आणि पुढच्या वर्षीच्या निमंत्रणपत्रात रक्कम व तारीख लिहिलेली असेल.’ कार्यवाह, लिहून घ्या. अनुमोदन कोण देतंय? उभं राहून, नाव सांगून द्या.