दोन मोटारी आणि तळहाताएवढा आधार

पुण्यास राहणाऱ्या माझ्या भाच्यास वेगवान सेडान घ्यावयाची आहे. परवां दोन मोटारींचीं माहितीपत्रकें पुढें ठेवून तो म्हणाला, "मामा, यांतली श्रेष्ठ कोणती, तें तुम्हीच सांगा." अश्वशक्तीचे आंकडे त्यानें लाल शाईनें अधोरेखित केले होते, टायरांची ओळ मात्र वाचलीहि नव्हती. मला गेल्या पावसाळ्यांतला बोरघाट आठवला. त्याच्या जुन्या गाडीचे टायर पार गोटा झालेले. उताराच्या ओल्या वळणावर त्यानें ब्रेक दाबला. चाकें थांबलीं, पण गाडी थांबली नाहीं. ती कठड्याला घासत गेली. मागच्या आसनावर माझी बहीण होती. सुदैवानें निभावलें.

म्हणून मीं त्याला जर्मनींतील एका गाजलेल्या स्पर्धेची हकीकत सांगितली. मर्सिडीज-बेंझनें १९८३ सालीं '१९० ई २.३-१६' ही चार दारांची सेडान जगापुढें आणली. तिची शक्ति १८५ अश्वशक्ति. त्याच वर्षीं इटलींतील नार्दो येथील वर्तुळाकार मार्गावर या जातीच्या मोटारींनीं ५०,००० किलोमीटरांचा पल्ला ताशीं सरासरी २४७ किलोमीटरांहून अधिक वेगानें पार केला. तिला उत्तर म्हणून १९८६ सालीं बीएमडब्ल्यूची 'एम ३' बाजारांत आली: दोन दारें, सुमारें २०० अश्वशक्ति, वजन १,२०० किलोंच्या आसपास. कुटुंबास पहिली सोयीची, एकट्या चालकास दुसरी मोह पाडणारी. वाद आजहि मिटलेला नाहीं. पण दोघींच्याहि चाकांवर टायर एकाच मापाचे होते: २०५/५५, १५ इंची.

यांतील मर्म असें कीं, एंजिन कितीहि बलवान् असो, त्याचें बळ रस्त्याला पोंचतें तें प्रत्येक टायरच्या सुमारें तळहाताएवढ्या जागेंतून. ब्रेक चाकाला थांबवितो. गाडीला थांबवितो तो टायर.

आतां निवड कशी करावी? शर्यतीच्या वळणाच्या टायरचें रबर मऊ व खाचा थोड्या. कोरड्या रस्त्यावर तो घट्ट धरतो. पण लवकर झिजतो आणि मुसळधार पावसांत उणा पडतो. खाचा पाणी बाजूस सारतात. त्या झिजल्या, कीं पाण्याचा थर चाकाखालीं शिरतो, गाडी त्यावर तरंगूं लागते; मग सुकाणूहि ऐकत नाहीं आणि ब्रेकहि ऐकत नाहीं. बुटक्या भिंतीचा टायर वळणावर कमी वांकतो खरा, पण खड्ड्यांत तोच रिमसह दुखावतो. चार महिने पाऊस झेलणाऱ्या आपल्या प्रांतांत ओल्या रस्त्यावरची पकड हाच पहिला गुण मानावा.

टायरच्या अंगावरील अक्षरेंहि वाचावीं. '२०५/५५ आर १५ ९१ व्ही' यांत २०५ ही मिलिमीटरांतील रुंदी. ५५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ५५. आर म्हणजे रेडियल. १५ इंच रिमचा व्यास. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोंपर्यंत भार, आणि व्ही म्हणजे ताशीं २४० किलोमीटरांपर्यंत वेग. निर्मितीचे चार आंकडे निराळे असतात: '३५२३' म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. खांचेची खोली १.६ मिलिमीटरांवर येण्याची वाट पाहूं नये. ती कायद्याची शेवटची मर्यादा आहे, सुरक्षिततेची नव्हे. दोनच नवे टायर घ्यावयाचे झाल्यास ते मागच्या चाकांस लावावे. कारण मागची पकड सुटली, तर गाडी गिरकी घेते व सांवरणें कठीण होतें.

भाच्यानें शेवटीं दोहोंतली कमी शक्तीची मोटार निवडली आणि वांचलेल्या पैशांतून चार उत्तम टायर घेण्याचें ठरविलें. त्याच्या आईनें एकच विचारलें, "म्हणजे आतां मागें बसायला हरकत नाहीं ना?"

श्रोतेहो, मोटारीची खरी परीक्षा त्या प्रश्नांत आहे.