हाडांची काडे



मराठीच्या अध्यापकाने हाडांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ‘हाडांची काडे करणे’ हा वाक्प्रचार आपण सारेच वापरतो. कष्ट व चिंता यांचा त्यात हाडांशी जोडलेला संबंध निव्वळ अलंकारिक नाही, हे शरीरशास्त्र वाचताना ध्यानी येते.

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. जुना भाग पोखरणाऱ्या आणि नवा रचणाऱ्या अशा दोन जातींच्या पेशी त्यात अखंड राबत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने बांधला जातो. भय वा ताण उद्भवला की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. (उंदीर व पक्षी यांत हे काम मुख्यतः त्याचे भावंड कॉर्टिकोस्टेरॉन करते; माशांत मात्र आपल्याप्रमाणे कॉर्टिसॉलच.) रक्तातील साखर वाढवावी आणि तातडीची नसलेली कामे थांबवावीत, असा त्याचा खाक्या. बांधकाम हे तर लांबणीवर टाकण्याजोगेच काम! घटकाभरात संकट टळले, तर काही बिघडत नाही. कॉर्टिसॉल महिनोन्महिने चढेच राहिले, तर मात्र रचणाऱ्या पेशी घटतात, आतड्यांतून कॅल्शियमचे शोषण मंदावते, मूत्रावाटे ते अधिक निघून जाते, आणि पोखरण चालूच राहते.

अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली ज्या रुग्णांचे वर्णन केले, त्यांची हाडे ठिसूळ झाली होती, पाठीला बाक आला होता. कॉर्टिसॉल तेव्हा कोणास ठाऊकही नव्हते; ते त्यांच्या शरीरात बेसुमार वाढले होते, हे मागाहून उमगले. संसारातील नित्याच्या विवंचनेने ते इतके वाढत नाही. तेव्हा वाक्प्रचार खरा ठरला म्हणून टाळ्या पिटण्याची घाई मला करावयाची नाही.

शिवाय हाडे केवळ सोसणारी नाहीत. जेरार कार्सांती यांच्या गटाने २०१९ साली दाखवून दिले की, ताण येताच काही मिनिटांत हाडांतूनच ऑस्टिओकॅल्सिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते व हृदयाची गती वाढवते. अधिवृक्क ग्रंथी नसलेल्या उंदरांतही हे घडते. माणसांवरील चाचणीत ताण म्हणून त्यांना चारचौघांत भाषण करावयास लावले होते. या क्षणी माझ्या हाडांची काय अवस्था असेल, ते आपण जाणालच.

आपल्या घरांत हा प्रश्न अधिककरून गोळीच्या रूपाने येतो. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले, आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० साली केंडॉल व राइकस्टाइन यांच्यासह हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, संधिवात यांवर दिली जाणारी प्रेडनिसोलोन त्याच कुळातली. तिने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. पण जुनी चिठ्ठी दाखवून ती वर्षानुवर्षे घेणारेही आपल्याकडे आहेत. हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. मणका कधी दबला ते कळतही नाही. पाठ दुखते, उंची घटते, आणि घरचे ‘वयोमान’ म्हणून सोडून देतात. हे ऐकून उद्या सकाळी कोणी गोळी एकाएकी बंद केली, तर तेही घातक होय. बाहेरून आयते मिळते म्हणून अधिवृक्क ग्रंथींनी आपले काम आवरते घेतलेले असते. ते पुन्हा सुरू होण्यास अवधी लागतो. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. आणि गोळी दीर्घकाळ चालणार असेल, तर हाडांसाठी वेगळे औषध हवे का, हे त्यांना पहिल्याच भेटीत विचारावे.