व्याख्या पाठ, हिशेब कच्चा

आर्थिक साक्षरतेचे मापन लुसार्डी आणि मिचेल या विदुषींनी २००४ साली अमेरिकेत तीन प्रश्नांवर आणून ठेवले. त्यांतला पहिलाच प्रश्न व्याजाचा! ज्या श्रद्धावंताला व्याज निषिद्ध, त्याला ही मोजपट्टी अपुरी पडते. त्यातूनच इस्लामी आर्थिक साक्षरतेचे संशोधन वाढले. मलेशिया व इंडोनेशिया त्यात आघाडीवर आहेत. परंतु प्रश्नावल्या पुष्कळदा विद्यार्थी आणि बँकांचे ग्राहक यांच्याच हाती पडतात. रिबा म्हणजे काय, मुराबहा म्हणजे काय? व्याख्या आली की माणूस साक्षर! (परीक्षांची ही खोड आपल्याही परिचयाची आहे.)

मुराबहात बँक वस्तू स्वतः खरेदी करते आणि आपला नफा उघड सांगून ती हप्त्यांनी विकते. मग रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज यांतील अंतर कष्टकऱ्याला काढता येते काय? माझ्या मते खरी कसोटी ही आहे, आणि तीच मागे पडते.

या चळवळीचा आरंभ आठवावा. १९६३ साली इजिप्तमधील मित घम्र येथे अहमद अल-नज्जार यांनी जर्मन बचत बँकांच्या धर्तीवर बिनव्याजी बँक काढली. ती ग्रामीण माणसांसाठी होती. बचतीची सवय लावणे हेच तिचे पहिले काम होते.