सुकाणू कुणाच्या हातात?

(खाडीकाठच्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कार्यक्रमपत्रिकेत ‘शिडाच्या होडीतून खाडीप्रवास’ हा विषय वाचून काहीजणी हसल्या. मारहाण, पोटगी, रेशन यांच्या रांगेत ही होडी कुठून आली? सहल काढायची आहे का? हो, काढायचीच आहे. पण त्या निमित्ताने मला ज्ञान, मालकी आणि नोंद या तीन गोष्टींबद्दल बोलायचं आहे.

आधी होडी समजून घेऊ. मुरुडजवळच्या राजपुरीहून जंजिरा किल्ल्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या तुमच्यापैकी अनेकींनी पाहिल्या असतील. पोट रुंद, बूड उथळ. खोल समुद्रात फिरणाऱ्या शिडाच्या बोटीला वाऱ्याने कलंडू नये म्हणून खाली खोल, जड कणा असतो. खाडीत तोच कणा अडचणीचा ठरतो. ओहोटीला पाणी उतरलं की तो गाळात रुततो आणि बोट आडवी होते. उथळ बुडाची होडी मात्र गुडघा-मांडीभर पाण्यातूनही निघते. रुतलीच तर चिखलावर बसून राहते आणि भरती आली की आपसूक उठते.

ही होडी चालते वारा आणि भरती-ओहोटी यांच्या जोरावर. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. म्हणजे सकाळी ओहोटीबरोबर खाडीच्या मुखाकडे जायचं आणि दुपारी भरतीबरोबर घरी परतायचं. त्यासाठी दिवस कोणता निवडायचा? आपल्याकडचा जुना हिशेब सांगते. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. बाराच्या सुमारास ओहोटी संपते आणि संध्याकाळी सहापर्यंत पाणी चढत राहतं. शिवाय अष्टमीला भांगाची भरती असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखी पाण्याला ओढ नसते. नवशिक्यांना हाच दिवस बरा.

आता मला सांगा, हा हिशेब इथे कुणाला नवा आहे? ओहोटीला कालवं फोडायला, तिसऱ्या काढायला चिखलात उतरतात त्या बायकाच. घोट्याएवढा गाळ कुठे, मांडीएवढा कुठे, खडक कुठे, खोल पाण्याची वाट कुठून जाते हे त्यांच्या पायांना पाठ असतं. उथळ होडी हाकणाऱ्याला नेमकं हेच ज्ञान लागतं. तरी तांडेल म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुष येतो. त्याचं ते कसब, आपली ती सवय! शीड चढवायला ताकद लागते हे खरं, पण एकाला जड ते चौघींना हलकं होतं. पाण्याचे हंडे आपणच वाहतो ना?

दुसरी गोष्ट मालकीची. होडी घेताना दागिना बाईचा मोडतो, मासळी विकून हप्ता बाई फेडते. नवरा गेला की मात्र ‘होडी घराण्याची’ म्हणत दीर ती ताब्यात घेतो. असे तंटे आपल्याकडे येतात तेव्हा समजूत घालून बाईला परत पाठवू नका. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे, मृत्युपत्र केलेलं नसेल तर नवऱ्याच्या मालकीच्या वस्तूवर विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा पहिला हक्क असतो. त्यात दीर येत नाही. होडी ही जमिनीसारखीच मालमत्ता आहे. तिचे कागद, कर्जाच्या पावत्या जपून ठेवा, आणि नवी होडी घेताना बाईचं नाव आधीच लावून घ्या.

तिसरी गोष्ट नोंदीची. २०१६च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि जयगडची खाडी त्यांत आहेत. उद्या इथे धक्के होतील, पर्यटनाचे ठेके निघतील. तेव्हा विचारलं जाईल, या पाण्यावर कोण काम करतं? ज्यांची होडी नोंदलेली असेल त्यांचं नाव निघेल. चिखलात उतरणाऱ्या बाईचं नाव कुठे असणार? २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या होड्यांच्या नोंदीचं काम राज्य सरकारला पंचायतीपर्यंत सोपवता येतं. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा आपल्याला राखीव आहेत. तर मग ग्रामसभेत विचारायला हवं की गावात होड्या किती, आणि त्यांपैकी बाईच्या नावावर किती?

हे जमेल का, अशी शंका वाटत असेल तर वेंगुर्ल्याकडे पाहा. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून स्वतः होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात. आणि मोठ्या समुद्राचं म्हणाल तर गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या दोन स्त्री अधिकाऱ्यांनी, दोघींनीच, २०२४-२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्या जग फिरून आल्या, आणि आपल्याला गावची खाडी ओलांडायला तांडेलाची परवानगी लागते!

म्हणून आपल्या गटाने ठरवलं आहे की दिवाळीनंतरच्या एखाद्या अष्टमीला होडी काढायची. पावसाळ्यात नाही आणि वारा पडला नसताना हट्टाने नाही. जाणता तांडेल बरोबर असेल, पण सुकाणू आळीपाळीने आपण धरायचं. प्रत्येकीच्या अंगात जीवरक्षक जाकीट असेल. कालवंवाल्या बायका पुढे नाळेवर बसतील आणि वाट सांगतील. त्या सांगतील ते एकजण कागदावर उतरवत जाईल. खाडीचा तो नकाशा आपण ग्रामसभेत ठेवणार आहोत, सांगणारीच्या नावासकट.

ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नावं द्यावीत. पोहता येत नसेल तर नावापुढे तेही लिहा. लाजू नका, आपल्यापैकी बहुतेकींना कुणी पाण्यात उतरूच दिलेलं नाही. सुरुवात तिथूनच करू.