विमानाचा पत्रा आणि आपले डोळे
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ही बाई विमानावर काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण हल्ली आपल्यापैकी पुष्कळजणींची मुले-नातवंडे विमानाने जा-ये करतात. म्हणून मुद्दाम वाचून आले आहे.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत अलोहा कंपनीचे बोइंग ७३७ विमान हिलोहून होनोलुलूला निघाले. २४,००० फुटांवर त्याचे सुमारे १८ फूट छप्पर उडून गेले. एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली, ती सापडलीच नाही. बाकीचे ९४ जण वाचले. सहवैमानिक मॅडलिन टॉम्पकिन्स ह्या एक बाई होत्या, हे आवर्जून सांगते.

असे का झाले? उंचावर हवा विरळ, म्हणून विमानात हवा दाबून भरतात. प्रत्येक उड्डाणात ते किंचित फुगते, उतरले की आकसते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना, तसेच पत्र्याचे. ह्या विमानाची तर ८९,६८० उड्डाणे झाली होती! पत्रे एकावर एक चढवून चिकटवलेले व रिव्हेटांनी टाचलेले असतात. चिकटवण सुटले, गंज चढला आणि सारा ताण रिव्हेटांच्या भोकांवर आला. घट्ट पोलके शिवणीच्या भोकांशी फाटते, तसे भोकाभोकांतून तडे गेले.

अमेरिकेच्या विमानखात्याने १९८७ मध्येच तपासणीचा हुकूम काढला होता, पण सगळ्या जोडांसाठी नव्हे. कंपनीच्या देखभालीत तडे सापडले नाहीत, असा ठपका चौकशीत आला. पुढे तपासणी व दुरुस्तीचे हुकूम कडक झाले. २०११ मध्ये दुसऱ्या एका ७३७ च्या छताला भोक पडले, तेव्हा जुन्या विमानांचे जोड विजेच्या उपकरणाने वारंवार तपासणे सक्तीचे झाले. असा हुकूम मुदतीत पाळला नाही, तर विमान उडवता येत नाही. आपल्या देशातही हाच नियम आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. अलोहाच्या विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्यावर तडा दिसला होता. त्या कोणाला बोलल्या नाहीत.

भगिनींनो, तपासणीसाठी विमान थांबले, तर त्रागा करू नका. आणि काही वावगे दिसले, तर “मला काय कळतंय” म्हणून गप्प बसू नका. तडा पाहायला डोळे लागतात, पदवी लागत नाही.