जंगलाचा काठ आणि माकडताप



या परिषदेला डॉक्टर आहेत, पशुवैद्यक आहेत आणि वनखात्याची माणसेही आहेत. तुम्हा सर्वांना एका मांडवाखाली पाहून मला मनापासून बरे वाटते, कारण आज ज्या आजाराबद्दल बोलायचे आहे, तो या तीन खात्यांच्या मधल्या फटीतच वाढत आला आहे.

१९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधून काढला. हाच माकडताप. नाव माकडाचे पडले, पण माकड इथे आपल्यासारखेच बळी जाते. विषाणू पोचवते ती गोचीड.

हिचा जीवनक्रम नीट पाहण्यासारखा आहे. पूर्ण वाढलेली मादी गुरांचे रक्त पिऊन टम्म फुगते, गळून पडते आणि पातेऱ्यात अंडी घालते. पावसाळ्यानंतर पिल्ले निघतात; ती उंदीर, पक्षी, माकडे अशा मिळेल त्या जिवाला चिकटतात. पुढची अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी. थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत माणसाला चावते ती मुख्यतः हीच. गुरांना या विषाणूने काही होत नाही. पण दाट रानात गोचिडीला एवढे मोठे जनावर सहज भेटत नव्हते. रान फोडून, काठाकाठाने गुरे चारून आपण ते तिला रोज पुरवू लागलो. तोडलेल्या जागी घाणेरीचे झुडूप माजले, त्याच्या आडोशाला उंदीरही वाढले. संशोधक होर्हे बोशेल यांनी जंगलतोड, गुरे आणि माकडताप यांचा हा संबंध १९६९ साली मांडला होता. तरीही पुढे दक्षिण कन्नड जिल्ह्यात, बेळतंगडी तालुक्यात, काजू लागवडीसाठी जुने जंगल साफ झाले आणि १९८२-८३च्या सुमारास तिथे हजारावर माणसे आजारी पडली.

मग तो आपल्याकडे आला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाली गावी, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावी, पुढे बांद्याच्या परिसरात. आजारी पडलेल्यांत काजूबागेत राबणारे पुष्कळ होते. काजूचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकाच वेळी येतो. पहाटे बागेत जायचे, वाकून पातेरा चाळवत गळलेली बोंडे वेचायची, दमले की त्याच पातेऱ्यावर टेकायचे. भाजावळीसाठी पातेरा गोळा करणाऱ्या बायांचेही तेच.

काजूवाल्याला मी दोषी धरत नाही. १९९०च्या फलोद्यान योजनेने कोकणातल्या डोंगरउतारांवर आंबा-काजू उभा केला आणि कित्येक घरांची मुंबईची वाट थांबवली. माझी तक्रार वेगळी आहे. रान काढून काजू, रबर किंवा अननस लावायचा निर्णय होतो, तेव्हा झाडे मोजली जातात, उत्पन्न मोजले जाते. त्या काठावर उद्या कोण वावरणार आणि त्याला काय चावणार, हे आरोग्य खात्याला कोणी विचारत नाही. मला हे अक्षम्य वाटते. या तापावर नेमके औषध नाही, आणि वर्षानुवर्षे दिली जाणारी जुनी लसही २०२२ मध्ये बंद झाली. अशा आजाराची पहिली वर्दी बहुतेक वेळा मेलेले माकडच देते. ते मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. ते दिसलेल्या गुराख्याने कळवायचे कोणाला? वनरक्षकाला, गुरांच्या डॉक्टरला की आशाताईला?

म्हणून दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे: मेलेल्या माकडाची खबर तिन्ही खात्यांना त्याच दिवशी मिळावी, तपासणीचा निकाल गावाला कळवावा आणि वनजमिनीलगतच्या प्रत्येक मोठ्या तोडीच्या प्रस्तावावर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा लेखी अभिप्राय बंधनकारक असावा. शेवटच्या कलमाला विरोध होईल, याची मला कल्पना आहे. तो विरोध इथेच, समोरासमोर व्हावा.