एकाच शेअरचे दोन भाव



सराफाच्या पेढीवर सोने घ्यावयास गेले असता एक भाव सांगितला जातो आणि तेच सोने मोडावयास नेले असता त्याहून कमी भाव मिळतो. याचे कोणास नवल वाटत नाही. शेअरचा भाव मात्र एकच असतो, असा समज सर्रास आढळतो. बाजार चालू असताना भ्रमणध्वनीवर दिसणारा आकडा हा शेवटच्या व्यवहाराचा भाव होय. तो होऊन गेलेला भाव आहे. पुढील व्यवहार त्याच भावाने होईल, अशी हमी त्यात नसते.

दोन रांगा

बाजार चालू असताना प्रत्येक शेअरसाठी दोन रांगा असतात. एकीत घेणारे आपापली बोली लावून उभे असतात. त्यांतील सर्वांत चढ्या बोलीस ‘बिड’ म्हणतात. दुसरीत विकणारे असतात. त्यांनी मागितलेल्या भावांपैकी सर्वांत कमी भाव तो ‘आस्क’. या दोहोंतील अंतर म्हणजे ‘स्प्रेड’. घेणाऱ्यांत अधिक भाव देणाऱ्याचा आणि विकणाऱ्यांत कमी भाव मागणाऱ्याचा क्रमांक आधी लागतो. भाव सारखा असल्यास ज्याची नोंद आधी, त्यास अग्रक्रम मिळतो.

मुंबईच्या शेअर बाजाराची संस्था १८७५ साली स्थापन झाली. तेथील रिंगणात जॉबर मोठ्याने दोन भाव पुकारीत, एक घेण्याचा व एक विकण्याचा. त्यांमधील अंतर ही त्यांची कमाई असे. गावी बसलेल्या गुंतवणूकदारास हे भाव दिसत नसत. दलाल सांगेल ते प्रमाण मानावे लागे. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात आणि १९९५ साली मुंबई शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावरून शेअरची उलाढाल सुरू झाली. आता दोन्ही बाजूंचे उत्तम असे पाच-पाच भाव आणि त्या भावांना उपलब्ध असलेली शेअरसंख्या कोणासही पाहता येते. पाहण्याची सोय झाली. पाहण्याची सवय मात्र अद्याप रुजावयाची आहे.

हिशेब काय सांगतो

कल्पना करावी की, एका सेवानिवृत्त शिक्षकास लहानशा कंपनीचे ५०० शेअर घ्यावयाचे आहेत. शेवटचा भाव १०० रुपये दिसतो. म्हणजे ५०,००० रुपये पुरतील, असा त्यांचा अंदाज. विकणाऱ्यांच्या रांगेत मात्र १०२ रुपयांना १००, १०४ रुपयांना १५० आणि १०८ रुपयांना २५० शेअर आहेत. शिक्षकांनी ‘मार्केट ऑर्डर’ दिली, म्हणजे मिळेल त्या भावाने घ्या असे सांगितले, तर अनुक्रमे १०,२००, १५,६०० व २७,००० असे एकूण ५२,८०० रुपये लागतील. सरासरी भाव १०५ रुपये ६० पैसे पडेल.

त्याच क्षणी घरात अडचण उद्भवून ते शेअर विकावे लागले आणि घेणाऱ्यांच्या रांगेत ९८ रुपयांना २०० व ९७ रुपये ५० पैशांना ३०० एवढीच मागणी असली, तर हाती ४८,८५० रुपये येतील. कंपनीचे काहीही बिघडलेले नाही, बाजारही कोसळलेला नाही. तरीही ३,९५० रुपये गेले. दलाली व कर वेगळेच.

‘लिमिट ऑर्डर’ने यास आळा बसतो. १०२ रुपयांची मर्यादा घातली असती, तर १०० शेअर त्या भावाने मिळाले असते आणि उरलेल्या ४०० शेअरची बोली रांगेत थांबली असती. विकणारा न आल्यास त्या दिवसापुरती दिलेली ऑर्डर बाजार बंद होताना रद्द होते. भावाची खात्री हवी, तर व्यवहार होईलच याची खात्री सोडावी लागते; व्यवहाराची घाई असेल, तर भावावरील ताबा सुटतो. मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये हे अंतर बहुधा काही पैशांचेच असते. क्वचित उलाढाल होणाऱ्या शेअरमध्ये ते कित्येक रुपयांचे असू शकते. धोका तेथेच अधिक.

यास्तव ऑर्डर देण्यापूर्वी दोन्ही भाव, त्यांतील अंतर व उपलब्ध संख्या पाहावी. त्यानंतर दलालाकडून येणाऱ्या ‘कॉन्ट्रॅक्ट नोट’मधील भाव ताडून पाहावा. नजीकच्या काळात लागणारा पैसा या बाजारात गुंतवू नये, हे तर उघडच आहे.

भविष्यनिर्वाह निधीची किंवा भूसंपादनाच्या मोबदल्याची रक्कम हाती आलेली माणसे सल्ल्यासाठी प्रथम गावातील शिक्षकाकडे, ग्रामसेवकाकडे वा पंचायत सदस्याकडे येतात. कोणता शेअर घ्यावा, हे सांगणे त्यांचे काम नव्हे. परंतु दिसणारा भाव आणि पडणारा भाव यांतील भेद त्यांनी समजावून सांगितला, तरी कित्येक कुटुंबांची कष्टाची पुंजी नाहक झिजावयाची टळेल.